आड बुजवू नका

पुण्यातल्या पाताळेश्वर लेण्यावरच्या माझ्या लेखानंतर बऱ्याच वाचकांनी विचारलं, पुणं नक्की किती जुनं? राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या इ. स. 758च्या ताम्रपटात या भागाचा ‘पुण्य विषय’ असा उल्लेख आहे. पाताळेश्वरही साधारण त्याच शतकातलं. तेव्हा साडेबाराशे वर्षं तरी धरून चाला.

पण या आठवड्यात माझं डोकं तापलं ते पेशवाईतल्या गोष्टीवरून. सदाशिव पेठेत ओळखीच्यांचा वाडा पाडताहेत. मागच्या चौकातल्या आडात मजूर घमेल्यांनी राडारोडा ओतत होते. काठाच्या दगडाला दोरानं पडलेल्या खाचा, बोट बसेल इतक्या खोल. ठेकेदाराला विचारलं, तर म्हणाला, “काका, इथं पार्किंग येणार. दोन गाड्या आरामात बसतात.”

अहो, हा आड कात्रजच्या पाण्याचा! नानासाहेब पेशव्यांनी 1750च्या सुमारास कात्रजला तलाव बांधले आणि भुयारी नळानं पाणी थेट शनिवारवाड्यापर्यंत आणलं. पंप नाही, काही नाही, सगळी करामत उताराची. हवा खेळावी, गाळ काढायला माणूस उतरावा म्हणून वाटेत उच्छ्वास ठेवले. पेठांतले हौद त्यावर भरायचे, वाड्यांच्या आडांनाही पाणी मिळायचं. 2019 साली स्वारगेटला मेट्रोसाठी खणताना एक जुनं भुयार लागलं, तेव्हा सगळं शहर बघायला धावलं. मग घराघरातल्या आडांकडे कुणीच का बघत नाही?

त्या घरातल्या आजी मोडक्या ओट्यावर बसून सांगत होत्या. 12 जुलै 1961ला पानशेतचं धरण फुटलं, खडकवासल्याची भिंतही गेली, नळ कोरडे पडले. “पाणी शेंदून हाताला घट्टे पडले आमच्या. सगळी आळी यायची. कुणाला नाही म्हटलं नाही हो.” बोलताना घमेलं रितं झाल्याचा आवाज आला की त्या थांबायच्या.

आता तिथं मोठी इमारत होईल, आणि पहिल्याच उन्हाळ्यात दारात टँकर उभा राहील. याचा मला मनापासून संताप येतो. वाडे पडणार, ते मी मान्य केलंय. माणसांना धड संडास-बाथरूम हवंच. पण बांधकामाच्या नकाशावर आड दाखवायची सक्ती करायला महापालिकेला काय हरकत आहे? गाळ काढा, जाळी बसवा, गच्चीवरचं पावसाचं पाणी त्यात सोडा. तुमचा वाडा बिल्डरकडे जायचा असेल, तर करारात आडाचं कलम आधी घालून घ्या.