'मी आलो' आणि बोलींचा लिंगविचार

पन्हाळा तालुक्यातील कोडोलीत (शंकर पाटलांचे पट्टणकोडोली निराळे, ते हातकणंगले तालुक्यातील) घरी परतलेली मुलगी 'मी आलो' असे सांगते. कोल्हापूर परिसरातील स्त्रियांच्या बोलण्यात हा प्रयोग सर्रास आढळतो. वर्गात मात्र तो अशुद्ध ठरतो, आणि बोलीविषयक लेखनातही 'रांगडेपणा' या एका शब्दात त्याची बोळवण होते. हे निदान भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही.

या संदर्भात डचची तुलना उद्बोधक ठरते. प्रमाण डचमध्ये, विशेषतः उत्तरेकडे, पुल्लिंगी व स्त्रीलिंगी नामांतील भेद बहुतांशी मावळला आहे. दोहोंस 'दे' हे एकच उपपद लागते, नपुंसकलिंगास तेवढे 'हेट'. ब्राबांट, फ्लँडर्स, लिंबुर्ख येथील दक्षिणी बोलींनी मात्र तिन्ही लिंगे राखली. म्हणजे तेथे भेद बुडवणारी ती प्रमाणभाषा आणि जुने जपणारी ती बोली. आपल्याकडे नेमके उलट. भेदाचा लोप हाच भ्रष्टतेचा पुरावा मानायचा, तर ॲम्स्टरडॅमच्या सुशिक्षितांची डच आधी भ्रष्ट ठरेल! तुर्कीत तर व्याकरणिक लिंगच नाही. 'गेल्दिम' म्हणजे 'मी आलो' आणि 'मी आले'ही. अनातोलियातील बोली एकमेकींहून वेगळ्या होतात त्या मुख्यतः उच्चारांत व प्रत्ययांच्या रूपांत. लिंगाचा प्रश्न तेथे उद्भवतच नाही.

कोडोलीच्या रूपाला स्वतःचा नियम आहे. 'मी आलो' म्हणणारीच मुलगी बहिणीविषयी 'ती आली' असे म्हणते, 'ती आला' असे कधीही नाही. लोप आहे तो प्रथमपुरुषापुरता. कन्नडमध्येही हीच विभागणी दिसते: 'नानु बंदे' स्त्रीपुरुष दोघांचे, पण तृतीयपुरुषी 'बंदनु' आणि 'बंदळु' भिन्न. सीमेलगतच्या दीर्घ द्वैभाषिक व्यवहाराचा हा ठसा असणे संभवनीय आहे. तथापि सारे श्रेय कन्नडला देणे घाईचे होईल. प्रमाण मराठीतही 'आम्ही आलो' हे स्त्रिया व पुरुष सारखेच म्हणतात. 'मी येईन' यालाही लिंग नाही. प्रमाणभाषेने अनेकवचनात व भविष्यकाळात जे केव्हाच स्वीकारले, तेच या बोलीने एकवचनात केले. वहीतील 'मी आलो'खाली लाल रेघ ओढणारी शिक्षिका मैत्रिणींसमवेत 'आम्ही आलो' असेच म्हणत असते.

ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणाचा मराठीवरील सातवा खंड १९०५ साली निघाला. कोडोलीतील आजी, आई व महाविद्यालयात जाणारी नात हे रूप कोणासमोर वापरतात आणि कोणासमोर टाळतात, याची नोंद पदव्युत्तर विद्यार्थ्यांना एका दिवाळीच्या सुटीत करता येण्याजोगी आहे.