यकृताचा ताळेबंद आणि टाक्यांचा उपाय

पाडव्यास नव्या वहीचे पूजन करण्यापूर्वी जुन्या वहीचा ताळेबंद काढावा, हा आपल्या व्यापारी घराण्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शिरस्ता आहे. शिल्लक मालाची मोजदाद होते, येणे-देणे तपासले जाते, बुडीत खाती बाजूस काढली जातात. परंतु वीस-पंचवीस वर्षे गादीवर बसून कमरेभोवती जो मेद साठला, त्याची नोंद कोणत्याही वहीत सापडत नाही. अलीकडे आपल्या कुटुंबांतून एका नव्या उपायाची चौकशी होऊ लागली आहे. पोट न चिरता, तोंडावाटे दुर्बीण घालून, जठर टाके घालून लहान करून घ्यावे काय? ह्या प्रश्नावर आमचे मत सभासद बंधुभगिनींपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

प्रथम रोगाविषयी. उजव्या बरगड्यांखाली असलेले यकृत हे शरीराचे मुनीमच होय. गरजेहून अधिक आलेली साखर व पिष्ट यांचे ते मेदात रूपांतर करते, आणि तो मेद वेळीच बाहेर धाडता आला नाही, म्हणजे त्याच्याच पेशींत साठू लागतो. पाच टक्क्यांहून अधिक पेशींत मेद आढळला की त्यास डॉक्टर ‘फॅटी लिव्हर’ म्हणतात. पुष्कळांच्या बाबतीत गोष्ट तेथेच थांबते. काहींच्या यकृतास मात्र सूज येते, सुजेमागून घट्ट तंतू वाढू लागतात, आणि अखेरीस ते आक्रसून कठीण होते, हाच सिरॉसिस. ह्या साऱ्या वाटचालीत वर्षानुवर्षे वेदना अशी होत नाही. पोटात पाणी झाल्यावर रोग कळावा, आणि मग घरातील तरुण मुलाने वा मुलीने आपल्या यकृताचा भाग काढून द्यावा, अशी पाळी येते. ह्याहून जड देणे कोणते असेल?

‘आमच्या घरात दारूचा थेंब नाही, मांसाहार नाही; मग यकृत कसे बिघडेल?’ हा प्रश्न आपल्याकडे हटकून विचारला जातो. त्याचे उत्तर जुने आहे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉ. लुडविग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० सालीच, मद्य न घेणाऱ्या रुग्णांच्या यकृतात मद्यप्यांसारखीच सूज असल्याचे दाखवून दिले होते. २०२३ साली तर ह्या रोगाचे नावच बदलण्यात आले व त्याचा संबंध मद्याच्या अभावाशी न जोडता चयापचयाच्या बिघाडाशी, म्हणजे मधुमेह, रक्तदाब व स्थूलता यांच्याशी जोडला गेला. भारतातील अनेक पाहण्यांचे जे एकत्रित परीक्षण २०२२ साली प्रसिद्ध झाले, त्यात प्रौढांमधील प्रमाण शेकडा अडतीसच्या वर निघाले. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी तर भारतीय माणूस दिसण्यात सडपातळ असूनही त्याच्या शरीरात मेदाचे प्रमाण अधिक असते, हे प्रदीर्घ अभ्यासाने मांडले आहे. म्हणूनच आपल्याकरिता मोजमाप कडक ठेवले गेले: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या आत असावी.

शाकाहार निर्दोष आहे. दोष त्यावर ओतलेल्या साखरेचा, मैद्याचा व तळणाचा आहे. इंदूरच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीची उलाढाल होते आणि रात्री त्याच दुकानांपुढे जिलेबी व मालपुव्याच्या कढया चढतात. बेळगावचा पाहुणा कुंद्याचा पुडा घेतल्यावाचून परतत नाही. ह्या गोष्टींचा आम्हांसही अभिमान आहे. परंतु दुकान वाढविल्यावर भूक लागते, रात्री दहा वाजता पोटभर जेवण होते आणि तसेच अंथरुणास पाठ टेकली जाते. सूर्यास्तापूर्वी भोजन आणि भुकेपेक्षा चार घास कमी खाण्याचे ऊनोदरी तप, हे दोन्ही नियम आपल्या घरात परंपरेने आलेले आहेत. ते पाळणारे किती उरले, हे ज्याने त्याने मनाशी मोजावे.

आता उपायाचा हिशेब पाहू. वजनाच्या पाच टक्के घट झाली तर यकृतातील मेद उतरू लागतो. सात ते दहा टक्के घट झाली तर सूज ओसरण्याची आशा असते. आणि दहा टक्क्यांच्या पुढे गेल्यास वाढलेले तंतूही पुष्कळांच्या बाबतीत मागे हटतात. नव्वद किलो वजनाच्या गृहस्थास ह्याचा अर्थ सुमारे साडेचार, सहा ते नऊ, आणि नवाहून अधिक किलो असा होतो. चालणे व आहारनियम यांनी हे साधते, पण थोड्यांनाच साधते आणि त्याहून थोड्यांचे टिकते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

येथेच दुर्बिणीचा उपाय पुढे येतो. रुग्णास भूल देऊन तोंडावाटे एंडोस्कोप जठरात उतरवितात आणि आतल्या बाजूने टाके घालून पिशवीसारख्या जठराची अरुंद नळी करतात. काहीही कापून काढले जात नाही. थोड्या अन्नाने पोट भरते व ते सावकाश रिकामे होते. अमेरिकेत ह्या क्रियेची रीतसर चाचणी होऊन तिचा निष्कर्ष २०२२ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात आला. ५२ आठवड्यांत टाके घातलेल्यांचे वजन सरासरी १३.६ टक्के उतरले. केवळ आहार-व्यायामाचा सल्ला मिळालेल्यांचे ०.८ टक्का. गंभीर उपद्रव शेकडा दोघांस झाला, मृत्यू कोणाचा झाला नाही. यकृताच्या दृष्टीने १३ टक्के ही मोठी जमा आहे, आणि लहान अभ्यासांतून यकृतातील मेद व रक्तातील एन्झाइमे उतरल्याचेही दिसले आहे. ह्याच कुळातला दुसरा उपाय जठरात पाण्याने भरलेला फुगा ठेवण्याचा. तो बहुधा सहा महिन्यांनी काढावा लागतो व नंतर वजन परत चढू लागते. अशा रुग्णांतील काही मृत्यूंमुळे २०१७ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डॉक्टरांस सावधगिरीची सूचनाही दिली होती.

तेव्हा हा उपाय थोतांड नाही, हे आम्ही स्पष्ट सांगतो. ‘उपवास करा, सर्व ठीक होईल,’ असे म्हणून स्थूल माणसास लाजविणारे वडीलधारे त्याचे हित करीत नाहीत. स्थूलता हा रोग आहे, आळसाची शिक्षा नव्हे. परंतु जाहिरात पाहून, लग्नसराईच्या आधी मुलीचा बांधा उतरावा म्हणून लाखांच्या घरातला खर्च करणारी कुटुंबेही आमच्या मते चुकत आहेत. ज्याच्या यकृतात तंतू वाढत आहेत असा पन्नाशीचा मधुमेही दुकानदार मागे राहतो, आणि आरशासाठी टाके घातले जातात. ही क्रिया आरशाने नव्हे, यकृताने ठरवावी. उशीर झाला तर ते दारही बंद होते, कारण सिरॉसिसमुळे जठरातील शिरा फुगल्या म्हणजे तेथे टाके घालणे धोक्याचे ठरते.

आणि टाके घातले म्हणजे काम संपले, असेही नाही. पहिले काही दिवस मळमळ व पोटदुखी, काही आठवडे पातळ आहार, पुढे आयुष्यभर बेताचे जेवण, हे चुकत नाही. गोड पेये घोटघोट घेणाऱ्यास टाके थोपवू शकत नाहीत. औषधांची वाटही आता खुली होत आहे. यकृताच्या ह्या सुजेवर अमेरिकेत २०२४ साली रेस्मेटिरोम व २०२५ साली सेमाग्लुटाइड यांस मान्यता मिळाली. कोणास औषध, कोणास टाके, कोणास केवळ आहारनियम, हे यकृताचा तज्ज्ञ पाहून सांगेल. नातलगाचा अनुभव ऐकून ते ठरू नये.

आमची संघास एक सूचना आहे. व्यापारी संस्थांचे वैद्यकीय निधी बहुधा रुग्ण इस्पितळात पडल्यावर उघडतात. त्यातील काही भाग आधीच्या तपासणीसाठी राखावा. वार्षिक शिबिरात पस्तिशीपुढील प्रत्येक सभासदाची व सभासदपत्नीची कंबर मोजावी, साखर पाहावी, आणि यकृताची दोन एन्झाइमे व प्लेटलेट यांची रक्ततपासणी करावी. वयासह ह्या तीन आकड्यांतून ‘फिब-४’ नावाचा अंक निघतो. तो १.३ च्या खाली असला तर चिंता कमी. वर असला तर फायब्रोस्कॅन करवून तज्ज्ञाकडे जावे. भारत सरकारने २०२१ सालीच ह्या रोगाचा समावेश आपल्या असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला आहे. आपण त्याची वाट सोपी करावी, इतकेच.

दुसरी सूचना पदरमोडीची नाही. संघाच्या स्नेहभोजनात पाच मिष्टान्नांच्या जागी एक ठेवावे आणि पंगत दिवस मावळण्यापूर्वी उठवावी. यजमानाची प्रतिष्ठा त्याने कमी होणार नाही. येत्या सर्वसाधारण सभेत ह्या दोन्ही सूचनांचा विचार व्हावा, अशी आमची विनंती आहे.