नांवामागचा पत्ता सांगणारा

संगणक घरांत आला कीं तो कोणा एकाचा राहत नाहीं. आमचे येथें तो ओसरीलगतच्या खोलींत खिडकीशीं मांडला आहे. सकाळीं त्यावर वडील बंधू वर्तमानपत्रें वाचतात, दुपारीं वहिनी भिशीचा हिशेब ठेवतात, सायंकाळीं मुलें अभ्यास करतात (निदान तसें सांगतात), आणि रात्रीं धाकट्या सूनबाई आपले वैद्यकाचे ग्रंथ त्यावर उघडून बसतात. अशा सामाईक वस्तूंत एकट्यानें परस्पर फेरफार केला म्हणजे काय होतें, याचा अनुभव आम्हांस नुकताच आला. दोष सर्वस्वीं आमचा असल्यानें तो सांगतांना संकोच वाटतो. पण वाचकांपैकीं अनेकांच्या घरीं हीच गोष्ट घडण्याजोगी आहे, म्हणून सांगतों.

प्रकरण डीएनएस सर्व्हर बदलण्याचें. इंटरनेटवरील प्रत्येक ठिकाणाची खरी ओळख आंकड्यांची असते. आपण मात्र नांव लिहितों. नांवावरून आंकडा शोधून देणारी जी यंत्रणा, तिला डीएनएस म्हणतात. आर्पानेट या मूळच्या अमेरिकन जाळ्यावर अशा नांवांची एकच यादी कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्यें ठेविली जाई, व बाकीचे संगणक तिची नक्कल उतरवून घेत. यादी वाढत चालली तशी ही रीत तोकडी पडूं लागली, आणि १९८३ मध्यें पॉल मोकापेट्रिस यांनीं नांवांची जबाबदारी पायरीपायरीनें वांटून देणारी योजना मांडली. तीच आजही चालू आहे. ‘डॉट इन’नें संपणारें नांव विचारलें तर चौकशी प्रथम मुळाशीं जाते, मूळ ती ‘डॉट इन’ सांभाळणाऱ्याकडे धाडतें, तो त्या नांवाच्या धन्याकडे बोट दाखवितो. ही पायपीट आपला संगणक स्वतः करीत नाहीं. त्यानें नेमलेला डीएनएस सर्व्हर ती करतो व मिळालेलें उत्तर कांहीं काळ जवळ ठेवितो. कोणास नेमावें हें आपण सांगितलें नाहीं, तर बहुधा इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीचाच सर्व्हर नेमला जातो. नवख्या माणसानें पत्ता विचारावा तो टपालवाल्यास, त्यांतला हा प्रकार. टपालवाल्यास सारे पत्ते ठाऊक असतात. आणि कोणत्या घरून कोणाची चौकशी होते, हेंही ठाऊक असतें.

गेल्या पावसाळ्यांत वीजबिल भरण्याच्या शेवटच्या दिवशीं एकही पान उघडेना. राउटरचे दिवे सुरळीत लागलेले, कंपनीच्या माणसाचें उत्तर, “उद्यां येतों.” वडील बंधूंचा जीव वरखालीं होऊं लागला. इतक्यांत महाविद्यालयांतून आमचा पुतण्या आला, खुर्ची ओढून बसला, आणि दोन आंकडे भरून त्यानें दोन मिनिटांत पानें सुरू करून दिलीं. “काका, लाइन चालू आहे, पत्ता सांगणारा तेवढा निजला आहे,” एवढेंच तो म्हणाला. बिल भरलें गेलें. आम्ही मात्र त्याच्या पाठीशीं उभे राहून तें सारें टिपून घेतलें, आणि अर्धवट विद्येनें पुढें जें व्हावयाचें तें झालें.

त्यानें भरलेले आंकडे ८.८.८.८ आणि ८.८.४.४ हे होते. ही गूगलची सेवा २००९ पासून सर्वांस फुकट मिळते. क्लाउडफ्लेअरची १.१.१.१ ही २०१८ पासूनची. क्वाड९ ही ९.९.९.९ या आंकड्याची सेवा २०१७ मध्यें सुरू झाली. ती चालविणारी संस्था आतां स्वित्झर्लंडमध्यें आहे. ठाऊक असलेल्या अपायकारक ठिकाणांचा पत्ता ती देतच नाहीं, आणि विचारणाऱ्याचा पत्ता नोंदून ठेवीत नाहीं, असें ती सांगते.

कृति अवघड नाहीं. विंडोज ११ मध्यें ‘सेटिंग्ज’ उघडून ‘नेटवर्क अँड इंटरनेट’मध्यें जावें. तारेची जोडणी असल्यास ‘इथरनेट’ निवडावें. तेथें ‘डीएनएस सर्व्हर असाइनमेंट’ या ओळीसमोर ‘एडिट’ दाबून ‘ऑटोमॅटिक’च्या जागीं ‘मॅन्युअल’ करावें, आयपीव्ही४ चालू करावें, आणि ‘प्रिफर्ड’च्या घरांत पहिला व ‘आल्टर्नेट’च्या घरांत दुसरा आंकडा भरून जतन करावें. येथें आंकडे देवनागरींत छापले आहेत. संगणकांत ते इंग्रजी भरावे व मधलीं टिंबें विसरूं नयेत. आयपीव्ही६ चालू असेल तर तेथेंही त्याच सेवेचे आंकडे द्यावे, नाहींतर कांहीं चौकशा जुन्याच वाटेनें जातात. त्याच जागीं ‘डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस’ म्हणून सोय आहे. ती चालू केली म्हणजे प्रश्न उघड्या पोस्टकार्डावर न जातां बंद पाकिटांतून जातो. मूळचें काय होतें, तें मात्र आधीं कागदावर लिहून ठेवावें. हें आम्हीं केलें नव्हतें.

यानें इंटरनेटचा वेग वाढतो, असें पुष्कळांकडून ऐकूं येतें. तें फारसें खरें नाहीं. नांवाचा पत्ता लागण्यास क्षणाचा अंश कमी लागेल. पत्ता मिळाल्यावर गाडी आपल्याच रस्त्यानें जाते. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीस मग आपलें कांहींच दिसत नाहीं, हाही भ्रमच. आपण कोणत्या आंकड्याकडे गेलों हें तिला दिसतेंच. खरा बदल होतो तो एवढाच कीं, घरचे प्रश्न आजवर एकास विचारले जात, ते उद्यांपासून दुसऱ्यास विचारले जातील. विश्वास ठेवणें टळत नाहीं. तो कोणावर ठेवावयाचा हें ठरतें.

ही गोष्ट क्षुल्लक नव्हे. नोव्हेंबर २०११ मध्यें एस्टोनियांत कांहीं इसमांस अटक झाली. त्यांच्या ‘डीएनएसचेंजर’ या दुष्ट प्रोग्रॅमनें शंभरांहून अधिक देशांतील सुमारें ४० लाख संगणकांत शिरून हेच दोन आंकडे गुपचूप बदलले होते. मनुष्य नांव बरोबर लिही, परंतु पत्ता सांगणारा चोरांचा असल्यानें तो त्यांच्या सोयीच्या ठिकाणीं पोंचे, आणि जाहिरातींचा पैसा त्यांच्या पदरीं पडे. ते सर्व्हर एकदम बंद करावे तर लाखों घरांत इंटरनेटच थांबतें. म्हणून न्यायालयाच्या परवानगीनें त्यांच्या जागीं स्वच्छ सर्व्हर बसविण्यांत आले, व ते ९ जुलै २०१२ पर्यंत चालविले गेले. इतके महिने कित्येकांस आपले आंकडे बदलले आहेत याचा पत्ताही नव्हता.

आम्हीं केलें तें चोरी नव्हे; पण गुपचूप केलें, एवढें साम्य कबूल केलें पाहिजे. झालें असें कीं, मुलांनीं भलतें पाहूं नये म्हणून आम्हीं एके रात्रीं अश्लील पानें गाळणाऱ्या एका सेवेचे आंकडे भरले. पहिल्या प्रयत्नांत दुसऱ्या घरांत ८.८.८.८ तसाच राहिला होता. पहिल्यानें वेळेवर उत्तर दिलें नाहीं कीं संगणक दुसऱ्यास विचारी आणि गाळणी फुकट जाई. दोन्ही आंकडे एकाच सेवेचे हवेत, हें कळल्यावर तेंही सुधारलें आणि समाधानानें निजलों. कोणास सांगितलें नाहीं.

धाकट्या सूनबाई स्त्रीरोगशास्त्राच्या पदव्युत्तर परीक्षेस बसल्या आहेत. रोगांचीं चित्रें मोठ्या पडद्यावर पाहण्यासाठींच त्या रात्रीं खालीं येतात. त्यांचीं कांहीं पानें उघडेनाशीं झालीं. फोनवर स्वतःचा डेटा लावला कीं तींच पानें उघडत. यांतून त्यांनीं जो अर्थ काढला तो कोणाही शहाण्या माणसानें काढला असता. आपण काय वाचतों यावर घरांत कोणाची नजर आहे, आणि तें त्या व्यक्तीस रुचलेलें नाहीं, असें त्यांस वाटलें. पंधरा दिवस त्या अभ्यासासाठीं माहेरीं जात राहिल्या. कारण विचारलें तर “तिकडे शांत असतें” म्हणत. अखेर वहिनींनींच गोष्ट काढून घेतली.

आम्हीं विचारलें तेव्हां त्या म्हणाल्या, “मामंजी, मुलांसाठीं केलेंत तें बरोबर. पण मला वाटलें, तें माझ्यासाठीं आहे.”

यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. आम्हीं कोणाचें वाचन तपासलें नव्हतें. पण ज्या सेवेकडे आम्हीं घर सोंपविलें, तिच्यापाशीं प्रत्येक प्रश्न जात होता, आणि तो कोणत्या हेतूनें विचारला हें तिला कळण्याचा मार्ग नव्हता. अवयवाचें नांव दिसलें कीं वैद्यकही तिच्या लेखीं अश्लील ठरे. दुसरी मौज अशी कीं, ज्यांच्यासाठीं हा खटाटोप केला त्या चिरंजीवांनीं चौथ्याच दिवशीं ब्राउझरच्या सेटिंगमध्यें ‘सिक्युअर डीएनएस’ म्हणून आपला वेगळा सर्व्हर नेमला होता. ब्राउझरनें स्वतःचा सर्व्हर धरला कीं विंडोजमधील आंकडे त्याच्यापुरते बाजूस पडतात. म्हणजे गाळणी लागू झाली ती विचारण्यास लाजणाऱ्या माणसास, आणि न लाजणारे मोकळे राहिले.

पुढच्या रविवारीं जेवणें आटोपल्यावर सारे जण त्या खोलींत बसलों. पुतण्यानें आंकडे कोठें असतात तें वहिनींसकट सर्वांस दाखविलें. वडील बंधूंचें म्हणणें, होतें तें ‘ऑटोमॅटिक’ बरें. सूनबाईंचें म्हणणें, फसव्या पानांपासून बचाव होत असेल तर तो असावा. शेवटीं क्वाड९ चे ९.९.९.९ आणि १४९.११२.११२.११२ हे आंकडे ठेवले. ती सेवा अपायकारक ठिकाणें अडविते, विषय पाहून अडवीत नाहीं. मुलांच्या बाबतींत यंत्रावर भिस्त न ठेवतां, तीं बसलीं असतां खोलीचें दार उघडें राहील असें ठरलें. त्यास चिरंजीवांनीं तोंड वांकडें केलें, पण मान डोलावली.

आतां संगणकाच्या खणांत एक वही आहे. बदल केला तर तारीख, जुने आंकडे, नवे आंकडे व करणाऱ्याचें नांव तींत लिहावयाचें. अडचण आली तर ‘मॅन्युअल’चें पुनः ‘ऑटोमॅटिक’ करावें, हें पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत आहे. आजवर तीन नोंदी झाल्या; तिसरी सूनबाईंच्या हातची आहे. गेल्या आठवड्यांत क्वाड९ कडून उत्तर येईना तेव्हां त्यांनींच आंकडे बदलले, आणि सकाळीं चहाच्या वेळीं तसें सर्वांस सांगितलें.