मामूंचे यकीन आणि इंग्रजीतले ‘बिलीव्ह’

मामूंच्या खोलीच्या दाव्यातले प्रतिज्ञापत्र सहीसाठी घरी आले. इंग्रजीत होते. मामूंनी चष्मा लावला, पेन उघडले, तेवढ्यात मी कागद ओढून वाचला. तिसऱ्या परिच्छेदात लिहिले होते : ‘आय बिलीव्ह दॅट आय हॅव बीन रिसायडिंग इन द सेड रूम सिन्स 1974.’ म्हणजे 1974 पासून आपण या खोलीत राहतो, असे मामूंना वाटते! ज्याची चारही मुले त्या खोलीत जन्मली, त्याला आपण तिथे राहत असल्याचे नुसते ‘वाटते’.

घडले असे, की मामू कारकुनाला म्हणाले होते, ‘मुझे पूरा यकीन है, चौहत्तर से यहीं हूँ.’ यकीन म्हणजे बिलीव्ह, हे कारकुनाने शाळेत पाठ केलेले. त्याने इमानदारीने तेच लिहिले.

हा शब्दांचा कीस नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 मधला आदेश 19, नियम 3 सांगतो, की प्रतिज्ञापत्रात स्वतःच्या माहितीने सिद्ध करता येईल तेवढेच लिहावे. नुसता समज चालतो तो अंतरिम अर्जांपुरता, आणि तिथेही त्या समजाचा आधार द्यावा लागतो. दाव्याच्या कागदाखाली जो पडताळणीचा मजकूर असतो, त्यातही स्वतःला माहीत असलेले कोणते आणि ऐकून खरे मानलेले कोणते, हे वेगळे सांगावे लागते. आपली माणसे त्याखाली डोळे मिटून सही करतात.

आता आपल्या मोहल्ल्यातल्या स्पोकन इंग्लिशच्या क्लासात जा. ‘बिलीव्ह’, ‘थिंक’, ‘नो’ या क्रियापदांबद्दल काय शिकवतात? एकच गोष्ट : ‘यांना आयएनजी लावू नका. आय अ‍ॅम बिलीव्हिंग चूक, आय बिलीव्ह बरोबर.’ झाले! नियम खरा आहे, तक्रार त्याबद्दल नाही. पण ‘आय अ‍ॅम बिलीव्हिंग’ म्हटल्याने फार तर कोणी हसेल. ‘आय नो’ च्या जागी ‘आय बिलीव्ह’ लिहिल्याने खोली जाऊ शकते. हसण्याची भीती शिकवायला फी घेतात, आणि खोलीची गोष्ट अभ्यासक्रमातच नाही.

शिकवायला अवघडही नाही. पॉल आणि कॅरल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञांनी 1970 साली हा भेद मांडला. वाक्य नकारार्थी करून पाहा. ‘दुकान बंद आहे हे सलीमला माहीत नाही’ : सलीमला माहीत नसले तरी दुकान बंदच आहे. ‘दुकान बंद आहे असे सलीम मानत नाही’ : आता दुकान उघडे की बंद, कळायला मार्ग नाही. ‘नो’ आणि ‘रिअलाइझ’ मध्ये बोलणारा स्वतः त्या गोष्टीची हमी घेतो. ‘बिलीव्ह’ आणि ‘थिंक’ मध्ये घेत नाही.

मराठी पोराला तर हे आईच्या दुधाबरोबर मिळालेले असते. ‘मी त्याला सज्जन समजलो’ आणि ‘तो सज्जन आहे हे मला समजले’. क्रियापद एकच. पहिल्या वाक्यात माणूस फसलेला, दुसऱ्यात शहाणा झालेला. फळ्यावर एवढी दोन वाक्ये लिहिली असती तर त्या कारकुनाला पुरेसे होते.

आपल्या घरातली उर्दू तर याहून श्रीमंत. गुमान आहे, खयाल आहे, अकीदा आहे, ईमान आहे, यकीन आहे. यकीनच्याही पायऱ्या आहेत : इल्मुल-यकीन, ऐनुल-यकीन, हक्कुल-यकीन. आणि गुमानपासून दूर राहा, काही गुमान गुनाह असतात, अशी ताकीद सूरह हुजुरातमध्ये आहे. या सगळ्या शिडीला आपण इंग्रजीत एकच चिठ्ठी चिकटवतो, बिलीव्ह. इब्लीसचा विचार करा. अल्लाह आहे हे त्याला माहीत होते, त्याच्याशी तो बोललाही. तरी त्याची गणना काफिरांत. म्हणजे ‘बिलीव्ह दॅट’ म्हणजे ईमान नव्हे. ‘बिलीव्ह इन’ थोडे जवळ जाते, कारण त्यात भरवसा येतो. आणि कलमा-ए-शहादतचे क्रियापद तर ‘मी मानतो’ असे नाहीच. ‘अशहदु’ म्हणजे मी साक्ष देतो. ख्रिस्ती धर्मकबुली लॅटिनमध्ये ‘क्रेडो’ने, म्हणजे ‘मी मानतो’ने सुरू होते, आपली साक्षीने. साक्षीदाराला इंग्रजीत ‘टेस्टिफाय’ हा शब्द आहे, तो कोणी वापरायचा?

इथे आपल्यातले काही जण लगेच दुसऱ्या टोकाला जातात. वर्तमानपत्रात ‘मुस्लिम्स बिलीव्ह...’ असे छापले की म्हणतात, आमच्या दीनवर शंका घेतली. नाही घेतली. लिहिणारा मुसलमान नाही, तो हमी कशी घेईल? तुमच्याबद्दल बोलताना त्याने ‘बिलीव्ह’ लिहिणे हाच त्याचा प्रामाणिकपणा. तुम्हीही शेजाऱ्याच्या धर्माबद्दल तेच लिहाल. पत्र पाठवायचे तर दोन ठिकाणी पाठवा. एक, त्याच पानावर एका समाजाची श्रद्धा ‘बिलीव्ह’ मध्ये आणि दुसऱ्याची सरळ इतिहास म्हणून छापली असेल तेव्हा. दोन, बातमीत पोलिस ‘सेड’ आणि वस्तीतल्या बाया ‘क्लेम्ड’ असतील तेव्हा. ‘सेड’ तटस्थ आहे. ‘क्लेम्ड’ मध्ये शंका आधीच कालवलेली असते. पण हा फरक ओळखायला क्रियापदे यावी लागतात, आणि आपण आयएनजीवर अडकलेलो.

मामूंचा कागद मी परत पाठवला. कारकून चिडला, ‘आय बिलीव्ह’ म्हटले की जास्त सभ्य वाटते म्हणाला. दुसऱ्या दिवशी नवा मसुदा आला. ‘आय बिलीव्ह दॅट’ खोडले होते, बाकी वाक्य तसेच : ‘आय हॅव बीन रिसायडिंग इन द सेड रूम सिन्स 1974.’ सोबत जुन्या भाडेपावत्यांच्या प्रती जोडल्या. मामूंनी विचारले, ‘यकीन निकाल दिया क्या?’

म्हटले, ‘नहीं मामू, अब डाला है.’