दोन घरचा पाहुणा

'विषाद' आणि 'अवसाद' हे दोन्ही शब्द 'सद्' ह्या एकाच धातूपासून झाले आहेत. त्याचा एक अर्थ खचणें. भिंत भारानें खचते, तशी पायाखालची माती सुटल्यानेंहि खचते. मूळ मेक्सिको, प्वेर्टो रिको इत्यादि प्रदेशांतील, म्हणजे ज्यांना लॅटिनो म्हणतात त्या अमेरिकेंतील तरुणांच्या विषादाचा विचार करतांना हा भेद ध्यानांत ठेवावा.

कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो कौंटींत राहणाऱ्या मेक्सिकन वंशाच्या ३,००० हून अधिक प्रौढांची पाहणी १९९८ सालीं प्रसिद्ध झाली. मेक्सिकोंत जन्मून तेथें आलेल्यांपैकीं सुमारें चतुर्थांशांना आयुष्यांत केव्हां तरी मनोविकार वा व्यसन जडलें होतें. अमेरिकेंतच जन्मलेल्यांत हें प्रमाण सुमारें निम्में होतें. शेतांत राबणाऱ्या पिढीहून शाळा शिकलेली पिढी अधिक खचावी, हें कोडेंच नव्हे काय?

मला वाटतें, मापाचा गज बदलला. बाप आपलें जिणें मागें टाकलेल्या गांवाशीं ताडून पाहतो. त्याला चढण दिसते. मुलगा तेंच जिणें सुस्थितींतल्या सहाध्यायाशीं ताडतो. त्याला अंतर दिसतें. दवाखान्यांत, कचेरींत आईबापांचा दुभाषी लहानपणापासून तोच. कॉलेजांत तो मजुराचा मुलगा, आणि सुटींत घरीं आला कीं इंग्रजाळलेला. 'ना इथला, ना तिथला,' असें ते लोक म्हणतात. आपल्याकडे दोन घरचा पाहुणा उपाशी राहतो.

मात्र बाहेरून येणें हेंच कवच समजूं नये. १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असलेल्या प्वेर्टो रिकन लोकांत असा फरक फारसा आढळत नाहीं.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी ह्यांनीं परसंस्कृतींत राहण्याचे चार मार्ग सांगितले: जुनें टाकून नवें घेणें, जुन्यांतच राहणें, दोन्ही सांभाळणें, दोन्हींस मुकणें. त्यांच्या मतें तिसरा मार्ग मनास बहुधा मानवतो व चौथा सर्वांत घातक. परंतु यजमान समाजानें दार उघडल्यावांचून तिसरा मार्ग खुला होत नाहीं.

दुसरें दार घरच्यांच्या हातीं असतें. माझा नातू त्याच देशांत वाढतो. मजुराच्या मुलाची ओढाताण त्याच्या वांट्यास आली नाहीं, हें खरें. पण दूरध्वनीवर मी त्याच्या मराठींतील लिंगवचनाच्या चुका जन्माच्या खोडीनें सुधारीत असें, आणि तो हळूहळू बोलेनासा झाला. आतां तो चुकतो आणि मी ऐकतों. परवां तो अर्धा तास बोलला.