मागे राहिलेली नृत्ये

व्यापारी एखादी पेठ सोडतो तेव्हा माल गाड्यांत भरतो, चोपड्या बांधून घेतो, जमेल तेवढी उधारी वसूल करतो. नृत्यरचनाकाराला ही सोय नाही. त्याची रचना नर्तकांच्या देहांत मुरलेली असते; तो उठून निघाला तरी ती तिथेच राहते.

अलेक्सेई रत्मान्स्की यांच्या वाट्याला हेच आले. जन्म १९६८ सालचा, लेनिनग्राडचा. बालपण कीव्हमध्ये, शिक्षण मॉस्कोच्या बोल्शोई विद्यालयात. कीव्ह, विनिपेग आणि कोपनहेगन येथे नर्तक म्हणून उमेदवारी झाल्यावर २००४ ते २००८ या काळात ते बोल्शोई बॅलेचे कलासंचालक होते. पुढे त्यांनी न्यूयॉर्कला बिऱ्हाड केले, तरी रशियातील कामे चालूच राहिली.

जुन्या बॅलेंचा जीर्णोद्धार हे त्यांचे खास कार्य. झारच्या काळातील नृत्ये स्तेपानोव्ह यांनी शोधलेल्या, संगीताच्या स्वरचिन्हांसारख्या लिपीत टिपली गेली होती. निकोलाय सेर्गेयेव्ह यांनी क्रांतीनंतर देश सोडताना ही बाडे सोबत नेली. आज ती हार्वर्ड विद्यापीठात आहेत. ज्ञानभांडारातील पोथी उलगडावी तशा निष्ठेने रत्मान्स्की आणि त्यांच्या पत्नी तातियाना यांनी ही लिपी आत्मसात केली. तिच्याच आधारे २०१८ मध्ये बर्लिनला ‘ला बयादेर’ नव्याने उभे राहिले. ही भारतीय देवदासीची कथा. त्यातला भारत मात्र पीटर्सबर्गमध्ये बसून कल्पिलेला!

फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर आक्रमण झाले तेव्हा ते मॉस्कोत बोल्शोईसाठी नवी रचना बसवीत होते. पीटर्सबर्गच्या मारीन्स्की नाट्यगृहातही एक मोठे काम अर्धवट होते. त्यांचे आणि पत्नीचे आईवडील कीव्हमध्ये होते. दोन्ही कामे तशीच टाकून ते तात्काळ निघाले. पुतिन सत्तेवर असेतोवर परत येणे घडेल असे वाटत नाही, असे त्यांनी तेव्हाच सांगितले. बोल्शोईने त्यांची नृत्ये सोडली नाहीत; फलकांवरून त्यांचे नाव तेवढे उतरवले. कष्ट ज्याचे, त्याचे नाव पुसून दुकान चालू ठेवण्याचा हा प्रकार पेढीवरच्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

त्याच वर्षी हेग येथे आश्रयाला आलेल्या युक्रेनियन नर्तकांसाठी त्यांनी ‘जिझेल’ बसवले. २०२३ पासून ते न्यूयॉर्क सिटी बॅलेमध्ये आहेत. तिथली त्यांची पहिली रचना, ‘सॉलिट्यूड’, फेब्रुवारी २०२४ मध्ये रंगमंचावर आली. खार्किव्हमध्ये बसथांब्यावर मारल्या गेलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचा हात धरून त्याचा पिता तासन्‌तास बसून राहिला होता. त्या छायाचित्रावरून ती सुचली. मालेर यांच्या संगीतातील शोकयात्रा सुरू होते, भोवती इतर नर्तक फिरू लागतात. प्रमुख नर्तक मात्र गुडघ्यांवर बसलेला असतो, मुलाचा हात हातात घेऊन. तो भाग संपेपर्यंत तो जागचा हलत नाही.