वकील घडायला बारा वर्षे लागतात

बारावीचा निकाल लागला की जिल्ह्यातील आपले अनेक पालक आमच्याकडे येतात. मेडिकलला नंबर लागला नाही, इंजिनिअरिंगचा खर्च झेपत नाही, मग मुलाला लॉ ला टाकावे काय, असे विचारतात. सीईटी दिली काय, असे आम्ही विचारले की एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. विधी प्रवेशाची राज्याची सीईटी 2016 पासून आहे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाचे अर्ज बहुधा निकालाआधीच भरले जातात. म्हणजे तोवर वर्ष हातचे गेलेले असते.

ज्या बाबासाहेबांचे नाव घेऊन आपण कायद्याकडे वळतो, त्यांनी हे शिक्षण काहीच जमले नाही म्हणून घेतले नव्हते. 1916 साली त्यांनी लंडनच्या ग्रेज इनमध्ये नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 साली परतावे लागले. सिडनहॅम कॉलेजात शिकवून त्यांनी पैसा साठविला, शाहू महाराज आणि नवल भथेना यांचे साहाय्य घेतले, 1920 साली पुन्हा लंडन गाठले आणि 1922 साली ते बॅरिस्टर झाले. अडचणी आल्या, पण आखणी सुटली नाही.

आपल्याला आखणी कशासाठी हवी? अत्याचार प्रतिबंधक कायदा 1989 चे कलम 15 वाचा. विशेष न्यायालयात विशेष सरकारी वकील म्हणून ज्या वकिलाला नेमायचे, त्याची किमान 7 वर्षे वकिली झालेली असावी लागते. 2026 साली प्रवेश घेणारी मुलगी 2031 साली पदवीधर होईल आणि त्या जागेस 2038 साली पात्र ठरेल. आधी बी.ए. करून तीन वर्षांच्या एलएल.बी.ला गेली तर आणखी एक वर्ष लांबेल. न्यायाधीश व्हायचे तरी सर्वोच्च न्यायालयाच्या मे 2025 च्या निकालाने 3 वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली आहे. आज पेरले नाही तर बारा वर्षांनी शेत रिकामेच दिसणार.

म्हणून तयारी अकरावीतच सुरू करा. जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र तेव्हाच हाती घ्या. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला प्रवेशासाठी किमान 40 टक्के गुण लागतात, पण तेवढ्यावर समाधान मानू नका. अकोला व अमरावती जवळ आहेत. नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट ही वेगळी परीक्षा आहे, तीही द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर मुदतीत भरा. शासकीय वसतिगृह मिळाले नाही तर बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, तिच्या अटी आधीच वाचून ठेवा. सनदेच्या खर्चाची धास्ती तर सोडूनच द्या. 30 जुलै 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की बार कौन्सिलला अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराकडून नोंदणीचे 125 रुपयांहून अधिक घेता येणार नाहीत.

पैशाआधी माहितीच कमी पडते, हा आमचा अनुभव आहे. ती पुरविणे हे चळवळीचे काम आहे. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा आणि मानोरा या सहाही तालुक्यांतील वकिलांनी रविवारच्या वंदनेनंतर विहारात एक तास बसावे, अकरावी-बारावीच्या मुलामुलींचे अर्ज स्वतः तपासावेत. जयंतीच्या वर्गणीतून प्रत्येक गावाने एका विद्यार्थ्याच्या पुस्तकांचा भार उचलावा. 2038 साली अत्याचाराचा खटला उभा राहील तेव्हा आपल्या माणसाच्या बाजूने कोण उभे असेल, हे यंदाच ठरणार आहे.